गाडीला ऐकू येतं, मालकाला कळत नाही

ई२० पेट्रोलवरून २०२५च्या पावसाळ्यात जे भांडण पेटलं, त्यात साक्षीदार सोडून सगळे बोलले. मंत्री बोलले, साखर कारखानदार बोलले, गाड्यांचे व्हिडिओ करणारे बोलले, सोसायटीच्या पार्किंगमधले काका बोलले. एकाचं मायलेज चारनं पडलं होतं, दुसऱ्याचं अजिबात पडलं नव्हतं, तिसऱ्याच्या मते ही सगळी तेल लॉबीची आवई होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली. एवढ्या सगळ्या गदारोळात, नवं पेट्रोल इंजिनाला कसं मानवतंय हे गाडीगणिक आणि मिनिटागणिक जो नोंदवत होता, त्याला कुणी विचारलं नाही. तो साक्षीदार इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टनं आवळलेला असतो. आकार छोट्या मेदूवड्याचा, मधे भोक. त्याचं नाव नॉक सेन्सर.

गेल्या दीड-दोन दशकांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो आहे. तो ऐकतो, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू त्या ऐकण्यावरून निर्णय घेतो, आणि त्या निर्णयाचा परिणाम तुमच्या खिशावर होतो. पण त्यानं काय ऐकलं, किती वेळा ऐकलं आणि त्यावरून काय कापलं, हे तुम्हाला सांगण्याची कुणावरही सक्ती नाही. माझं म्हणणं असं की ही नोंद गाडीच्या मालकाची आहे आणि ती त्याला दिसली पाहिजे. हे म्हणणं पटवायचं तर आधी हा सेन्सर नेमकं काय करतो ते पाहावं लागेल. कारण 'ते संगणक बघून घेतो' या वाक्याआडच सगळी लपवाछपवी चालते.

नॉक म्हणजे काय

पेट्रोल इंजिनात स्फोट होतात असं आपण सर्रास म्हणतो. नीट चाललेल्या इंजिनात ते होत नाहीत. स्पार्क प्लगची ठिणगी पडली की तिथून ज्योत सुरू होते आणि सिलिंडरच्या कडेकडे पसरत जाते. पसरताना ती पुढच्या न जळलेल्या वायूला दाबते आणि तापवते. बहुतेक वेळा ज्योत त्या वायूपर्यंत पोचते आणि तो शिस्तीत जळतो. पण इंधन कमकुवत असेल, हवा तापलेली असेल, इंजिनावर भार जास्त असेल, तर शेवटचा कोपऱ्यातला वायू ज्योतीची वाट न पाहता आपला आपणच पेट घेतो, सगळा एकदम. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. बाहेर धातूची खडखड ऐकू येते. हाच नॉक.

कधीमधी एखादा हलका नॉक झाल्यानं काही बिघडत नाही. सतत आणि जोरात झाला तर मात्र त्या लाटा धातूलगतचा वायूचा पातळ संरक्षक थर उडवून लावतात, उष्णता थेट पिस्टनमधे शिरते, त्यावर खड्डे पडतात, रिंगांमधल्या कडा तुटतात. त्यानंतर इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो.

यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडणं. ठिणगी लवकर पडली की दाब जास्त चढतो आणि एका मर्यादेपर्यंत त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं, पण नॉकचा धोकाही वाढतो. उशिरा पडली की धोका टळतो, आणि पेट्रोलातली उष्णता चाकांऐवजी सायलेन्सरमधून निघून जाते. पहिल्या दोन-तीन अंशांनी फारसा फरक पडत नाही, पण पुढे प्रत्येक अंश आधीच्यापेक्षा महाग पडतो. म्हणजे नॉकपासूनचं संरक्षण फुकट मिळत नाही. त्याची किंमत पेट्रोलमधे मोजली जाते, आणि ती मोजणारा गाडीचा मालक असतो.

पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळात हा सौदा उघड्यावर होत असे. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर ढिला करायचा, हातानं किंचित फिरवायचा, गाडी चढावर नेऊन कान द्यायचा, आणि खडखड आली की टायमिंग मागे घ्यायचा. मालक शेजारच्या सीटवर बसलेला असे. त्यालाही तीच खडखड ऐकू येई. पंपावर भेसळीचं पेट्रोल भरलं असेल तर पुढच्या चढावर दोघांनाही कळे. पद्धत ओबडधोबड होती, त्यात इंजिनंही बसत, आणि मला ती परत आणायची नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती: नॉक ही मालकाला ठाऊक असलेली बाब होती. संगणकानं नॉक बराचसा आटोक्यात आणला, आणि त्याबरोबर त्याची बातमीही स्वतःजवळ ठेवून घेतली.

संगणक कसा ऐकतो

नॉक सेन्सरच्या पोटात पिझो जातीची एक चकती असते आणि तिच्यावर एक छोटं वजन. ब्लॉक हादरला की वजन चकतीला दाबतं आणि चकती विजेचा क्षीण दाब निर्माण करते. बोल्ट ठरावीक ताकदीनंच आवळायचा असतो, साधारण २० न्यूटन-मीटर. तो ढिला राहिला किंवा खाली गंज आला की ऐकू येणं बिघडतं.

पण ब्लॉक तर सतत हादरतच असतो. व्हॉल्व्ह बसतात, पिस्टन भिंतीवर थापटतो, चेन वाजते, थेट इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टर टिकटिकतात. त्या गोंगाटातून नॉक वेगळा काढायला दोन गोष्टींची मदत होते. पहिली म्हणजे त्याचा सूर. सिलिंडरमधला तापलेला वायू तबल्यासारखा ठरावीक सुरात घुमतो, आणि तो सूर सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असतो. १९३०च्या दशकात एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी याचं गणित मांडलं. याच ड्रेपर यांच्या प्रयोगशाळेत पुढे अपोलो यानांचा दिशादर्शक संगणक तयार झाला. व्यास ७३ मिलिमीटर असेल तर मुख्य सूर ८ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, ८३ असेल तर ७च्या जवळ. दुसरी मदत वेळेची. नॉक व्हायचा तर तो ठिणगीनंतर, पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली यायला लागल्यावरच होणार. म्हणून संगणक क्रँकच्या साधारण ५०-६० अंशांपुरतीच कानाची खिडकी उघडतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात ६० अंश म्हणजे ३.३ मिलिसेकंद. चार सिलिंडरच्या गाडीत त्या वेगाला अशा खिडक्या सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात.

खिडकीतून आलेल्या आवाजातून हवा तो सूर गाळून घ्यायचा, त्याचे खालचे काटे वर वळवायचे आणि सगळ्याची बेरीज करायची. प्रत्येक ठिणगीमागे असा एकच आकडा उरतो. पूर्वी हे काम वेगळी चिप करायची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीआयसी८१०१ ही त्यातली नावाजलेली, तिच्यात १.२२ ते १९.९८ किलोहर्ट्झपर्यंतचे ६४ सूर निवडता येतात. आता बरेचदा ईसीयूतलं सॉफ्टवेअरच ते करतं. मग तो आकडा त्याच सिलिंडरच्या आधीच्या आकड्यांच्या चालत्या सरासरीशी ताडला जातो. सरासरीच्या अमुक पटीपेक्षा मोठा निघाला तर नॉक झाला असं मानायचं आणि त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश मागे घ्यायची. पुढे शांतता राहिली तर थोडंथोडं पुढे सरकत परत यायचं. वारंवार तेच घडलं तर ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी सुरुवातच मागून करायची.

'अमुक पट' कुणी ठरवली?

या सगळ्या साखळीतला कळीचा शब्द 'अमुक' हा आहे. तो उंबरठा निसर्गात सापडत नाही, आणि तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही दिलेला नसतो. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एवढं ठामपणे सांगू शकतो: ज्या प्रोग्राममधे 'यापेक्षा जास्त असेल तर' अशी ओळ असते, तिथे कुणीतरी माणूस बसून, कुणाचं तरी हित डोळ्यांपुढे ठेवून, एक आकडा लिहीत असतो.

नॉकच्या बाबतीत हा आकडा चाचणी-बाकावर ठरतो. तिथे सिलिंडरमधे खरा दाब मोजणारे महागडे सेन्सर बसवलेले असतात. खरोखर नॉक झाला तेव्हा ब्लॉकवरच्या स्वस्त सेन्सरनं काय सांगितलं, हे ताडून पाहतात. दोन्ही गोष्टी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. वेग वाढला की इंजिनाचा स्वतःचा गोंगाट इतका वाढतो की नॉकवाल्या आणि बिननॉकच्या आवर्तनांचे आकडे एकमेकांत मिसळतात. उंबरठा खाली ठेवला तर व्हॉल्व्हचा आवाजही नॉक ठरतो आणि ठिणगी विनाकारण मागे जाते. वर ठेवला तर काही खरे नॉक निसटतात. दोन्ही चुका शून्यावर आणणारा आकडा अस्तित्वात नाही. कुठली चूक जास्त परवडते, एवढंच ठरवायचं असतं.

आता परवडते ती कुणाला, हा प्रश्न विचारा. खरा नॉक निसटला आणि पिस्टन गेला तर वॉरंटीच्या काळात भुर्दंड कंपनीला. खोटा नॉक मोजला गेला आणि ठिणगी मागे गेली तर भुर्दंड मालकाला, रोज, थेंबाथेंबानं, पंपावर. असा सौदा एका पक्षानं एकट्यानं, दुसऱ्याला न दाखवता ठरवायचा असेल, तर तराजू कुठे झुकेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. कुणी म्हणेल, कंपनीला मायलेजही विकायचं असतं, ती ते उगाच का घालवेल? पण जाहिरातीतलं मायलेज ज्या चाचणीतून येतं त्या भारतीय ड्रायव्हिंग सायकलमधे सगळं सौम्य असतं, हळूहळू वेग वाढवणं, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. त्या चाचणीत इंजिन नॉकच्या वाटेला फारसं जातच नाही. नॉक येतो तो मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन, वरच्या गिअरमधे खंबाटकी चढताना. तिथे चार-पाच अंश कापले गेले तर ते कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाहीत.

मी असं म्हणत नाही की कंपन्यांचे अभियंते लबाड आहेत. त्यातले बरेच जण हे काम अतिशय जीव ओतून करतात, आणि हा उंबरठा बसवणं हे खरोखर कौशल्याचं काम आहे. पण अभियंता कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा निर्णय तपासता आला पाहिजे. जो तपासता येत नाही त्यावर फक्त विश्वास ठेवता येतो, आणि विश्वासाचं काय होऊ शकतं हे २०१५ साली फोक्सवॅगननं जगाला दाखवलं. त्यांच्या डिझेल गाड्यांचा ईसीयू चाचणी चालू आहे हे ओळखून वेगळा वागत होता. ते बाहेर आलं कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या काही लोकांनी प्रयोगशाळेऐवजी रस्त्यावर, स्वतःच्या उपकरणांनी मोजमाप केलं.

दिवा लागत नाही म्हणजे काय

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा असतो ना, मग नॉक झाला तर तो लागेल, अशी एक भाबडी समजूत आहे. त्या दिव्यामागच्या यादीत पी-०३२५ हा कोड आहे. त्याचा अर्थ 'नॉक होतोय' असा नाही. नॉक सेन्सरच्या सर्किटमधे बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कानाची वायर तुटली तर गाडी सांगते. कानानं काय ऐकलं ते सांगत नाही. तुम्ही वर्षभर वाईट पेट्रोल भरलंत, संगणकानं वर्षभर ठिणगी मागे ठेवली, तरी दिवा लागायचं कारण नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. ती तिचं काम करतेय.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला कुठलाही स्वस्त स्कॅनर लावून जी मूळ, सगळ्या कंपन्यांना समान असलेली यादी वाचता येते, तिच्यात ठिणगीचं टायमिंग आहे. इंधनाची दुरुस्ती किती टक्के चालू आहे तेही आहे. इथेनॉलच्या टक्केवारीसाठीसुद्धा एक घर राखून ठेवलेलं आहे. नॉकमुळे किती अंश कापले गेले यासाठी मात्र घर नाही. ती माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या खासगी यादीत ठेवते आणि आपापल्या उपकरणानं वाचते. याचं कारण ऐतिहासिक आहे: ओबीडी प्रदूषणाच्या कायद्यातून जन्माला आलं. सरकारला धुरात काय जातंय ते बघायचं होतं, म्हणून सरकारनं आपल्यापुरती खिडकी पाडून घेतली. मालकासाठी खिडकी कुणी मागितलीच नाही.

आता ई२० कडे वळू

नीती आयोगानं जून २०२१मधे इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातच लिहिलेलं होतं की शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. १० टक्क्यांसाठी बनवलेल्या आणि २०साठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट १ ते २ टक्के असेल. यात रहस्य काही नाही. एक लिटर पेट्रोलमधे साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमधे २१. पाचवा हिस्सा बदलला की लिटरमागे जवळजवळ ७ टक्के ऊर्जा कमी होते.

मग दुसऱ्या वर्गातल्या गाड्यांत घट एवढी कमी कशी? तिथे नॉकचा संबंध येतो. इथेनॉल नॉकला जबरदस्त दाद देत नाही. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५मधे दिलेल्या खुलाशात इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८.५ आणि पेट्रोलचा ८४.४ दिला होता, आणि ई२० चा ऑक्टेन ९५ असल्याचं सांगितलं होतं. आधीचं साधं पेट्रोल ९१चं होतं. वर इथेनॉल बाष्प होताना आतली हवा थंडही करतं. इंधन नॉकला इतकं टिकत असेल तर ठिणगी आधी पाडता येते, दाबाचं गुणोत्तर वाढवता येतं, आणि गमावलेली थोडी ऊर्जा कार्यक्षमतेतून परत मिळवता येते. त्याच खुलाशात म्हटलं होतं की ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांना पिकअप चांगला मिळतो. हे खरं आहे. पण त्या वाक्याचा सगळा भार 'जुळवलेल्या' या शब्दावर आहे.

कारण ईसीयू ठिणगी पुढे नेतो ती त्याला आखून दिलेल्या कमाल रेषेपर्यंतच. ९१ ऑक्टेनच्या हिशेबानं ती रेषा आखलेली असेल, तर टाकीत ९५ येवो नाहीतर १००, त्यापुढे तो जाणार नाही. अशा गाडीत जास्तीचा ऑक्टेन वाया जातो आणि ऊर्जेची घट तेवढी पूर्ण भोगावी लागते. उलट एखाद्या गाडीत ती रेषा बरीच पुढे आखलेली असेल आणि जुन्या पेट्रोलवर नॉकमुळे संगणक सतत मागे येत असेल, तर तीच गाडी ई२० वर चढावाला खरोखर सुधारेल. एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्या, एकाच पंपाचं पेट्रोल, आणि उलटे अनुभव. सोसायटीतले दोन्ही काका खरं बोलत असू शकतात.

तुमची गाडी यातली कुठली? उत्तर अस्तित्वात आहे. जास्त भाराखाली ठिणगी किती वेळ कमाल रेषेला टेकलेली होती आणि किती वेळ नॉकनं मागे ढकललेली होती, हे दोन आकडे मिळाले की प्रश्न संपतो. ते दोन्ही काढायला लागणारी सगळी माहिती ईसीयूकडे असते. हीच गोष्ट महागड्या पेट्रोलची. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२०मधे १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० बाजारात आणलं. ते भरून आपल्या गाडीला काही उपयोग होतो का, हे ज्याला कळतं तो बॉनेटखाली गप्प बसलेला आहे, आणि ज्याला पैसे द्यायचे आहेत तो 'गाडी मऊ चालते' या भावनेवर कार्ड स्वाइप करतो.

सरकारच्या दाव्यांना खोडून काढायला निघालेल्यांनीही हे लक्षात घ्यावं. व्हिडिओतून 'इंजिन बसणार' अशी भीती घालणाऱ्यांकडेही नॉकचा एकही आकडा नव्हता. असता तर त्यांना कळलं असतं की नॉकच्या बाजूनं ई२० आधीच्या पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे. रबराचे पाइप, सील आणि गंज यांबद्दलच्या शंका वेगळ्या आहेत, आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सगळ्यांची एकच भेळ करून ओरडल्यानं फक्त माहिती दडवणाऱ्यांचंच फावतं.

'लोकांना कळणार नाही'

हा आकडा दाखवा म्हटलं की चार आक्षेप येतात.

पहिला, सामान्य माणसाला कळणार नाही. सामान्य माणसाला रक्तातल्या साखरेचे आकडे कळतात, कर्जाचा व्याजदर कळतो, मोबाइलच्या डेटाचा हिशेब कळतो. जिथे पैसे जातात तिथलं आपल्याकडे सगळ्यांना कळतं. ज्याला नको आहे त्यानं पाहू नये.

दुसरा, हा आकडा अंदाजी असतो, दोन गाड्यांची तुलना करता येणार नाही, उगाच घबराट होईल. आक्षेपाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. वर सांगितल्याप्रमाणे हा आकडा एका उंबरठ्यावर उभा असतो आणि प्रत्येक इंजिनाचा उंबरठा वेगळा. पण मला माझ्या गाडीची शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करायचीच नाही. माझ्याच गाडीची गेल्या महिन्याशी, या पंपाची त्या पंपाशी करायची आहे. त्यासाठी अंदाजी पण सातत्यानं मोजलेला आकडा पुरतो. डॅशबोर्डवरचं मायलेजही अंदाजीच असतं. ते दाखवायला कुणाला संकोच वाटत नाही, कारण तो अंदाज बहुधा गोड असतो.

तिसरा, ही कंपनीची बौद्धिक मालमत्ता आहे. उंबरठ्याचे तक्ते कंपनीचे, मान्य. ते कसे बसवले ती कला कंपनीची, तेही मान्य. पण माझ्या गाडीत, माझ्या पेट्रोलवर, काल संध्याकाळी ठिणगी किती अंश मागे गेली ही घटना कंपनीची मालमत्ता कशी होते? पाककृती गुप्त ठेवा, पण ताटात काय वाढलंत ते तरी सांगा.

चौथा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही: लोक हे आकडे घेऊन वॉरंटी मागायला येतील. येऊ देत की. आज उलट होतं. इंजिन गेलं की सर्व्हिस सेंटर आपलं उपकरण लावतं, आतली नोंद वाचतं, आणि 'तुम्ही भेसळीचं पेट्रोल भरलंत' असं सांगून हात झटकू शकतं. पुरावा एकाच्याच हातात असेल तर त्याला पुरावा म्हणता येत नाही.

हे इतरत्र झालेलं आहे

यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी गुपचूप मंदावतं आणि मालकाला सांगत नाही, याचं उदाहरण तुमच्या खिशात आहे. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग कमी केला जातो, हे ॲपलनं डिसेंबर २०१७मधे मान्य केलं. तांत्रिकदृष्ट्या कारण रास्त होतं: फोन अचानक बंद पडू नये. लोक चिडले ते न सांगितल्याबद्दल. २०१८मधे बॅटरीची तब्येत सेटिंग्जमधे दिसू लागली. जग बुडालं नाही, कुणाची बौद्धिक मालमत्ता चोरीला गेली नाही, आणि आज सेकंडहँड फोन घेताना कुणीही आधी तोच आकडा विचारतो. सेकंडहँड गाडीच्या इंजिनाबद्दल असा एक आकडा विचारता आला तर काय होईल, याची कल्पना करा.

युरोपमधे २०२१पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना आयुष्यभरात जाळलेलं एकूण इंधन आणि कापलेलं एकूण अंतर स्वतःपाशी नोंदवून ओबीडी पोर्टवर उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे नुसता एवढा नियम असता तरी ई२० च्या वादात लाखो गाड्यांचे आधीचे-नंतरचे आकडे टेबलावर आले असते. सप्टेंबर २०२५पासून तिथे डेटा कायदाही लागू झाला आहे: जोडलेल्या उपकरणानं वापरातून निर्माण केलेली माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२मधे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचा समावेशही आहे. पण ज्या यंत्राचं दुखणं वाचता येत नाही त्याच्या दुरुस्तीचा हक्क घेऊन मालकानं आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं करायचं काय?

नॉकच्या इतिहासातला एक धडाही विसरू नये. १९२१मधे जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमधे शिशाचं एक संयुग घातलं की नॉक थांबतो. अल्कोहोलनंही नॉक थांबतो हे तेव्हा त्यांना ठाऊक होतं. पण शिशाच्या वापराचं पेटंट घेता येत होतं, अल्कोहोलचं नाही. १९२४मधे न्यू जर्सीच्या कारखान्यात कामगार शिशाच्या विषबाधेनं मेले, तरीही तज्ज्ञांनी सगळं सुरक्षित असल्याचं सांगितलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं, जगात शेवटी अल्जेरियात २०२१. शंभर वर्षं नॉकवरचा इलाज बंद दाराआड ठरला आणि त्याची किंमत लहान मुलांच्या मेंदूंनी मोजली. आजचा प्रश्न इतका भीषण नाही. पण 'तज्ज्ञांनी ठरवलंय, तुम्ही गाडी चालवा' हा सूर तोच आहे.

मागणी

मागणी मोठी नाही. चार आकडे हवेत, समान यादीत, ओबीडी पोर्टवर, कुठल्याही स्कॅनरला वाचता येतील असे. एक, गाडीनं आजवर जाळलेलं एकूण इंधन आणि कापलेलं एकूण अंतर. दोन, जास्त भाराखाली नॉकमुळे सरासरी किती अंश कापले गेले, या टाकीत आणि गेल्या हजार किलोमीटरमधे. तीन, जास्त भाराखाली किती टक्के वेळ ठिणगी कमाल रेषेला टेकलेली होती. चार, सेन्सरवर भरवसा नसल्यानं संगणक ठिणगी सरसकट मागे ठेवून चालतोय का. यासाठी नवा सेन्सर लागत नाही, नवी वायर लागत नाही. ईसीयूला यातलं बहुतेक आधीच माहीत असतं. फक्त काही ओळींचं सॉफ्टवेअर आणि एक नियम लागतो.

दुचाकींचा प्रश्न वेगळा आणि जास्त मोठा आहे. देशातली बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत आणि रोजच्या वापराच्या बहुतेक दुचाकींना नॉक सेन्सर नसतोच. तिथे संगणक बहिरा असतो आणि ठिणगीची रेषा कारखान्यातून निघताना आखलेली तीच कायम राहते. अशा गाडीला ९५ ऑक्टेनचा फायदा आपसूक घेता येत नाही. त्यामुळे तिथे निदान एवढं छापलं पाहिजे: ही गाडी किती ऑक्टेनसाठी आणि किती टक्के इथेनॉलसाठी जुळवलेली आहे. 'ई२० चालेल' एवढं पुरेसं नाही. चालेल आणि जुळवलेली आहे यांतलं अंतर दूधवाल्याला, डिलिव्हरीच्या पोराला रोजच्या पेट्रोलमधे भरावं लागतं.

वाहनांचे तांत्रिक नियम ज्या समितीत लिहिले जातात तिचं सचिवालय पुण्यात, एआरएआयमधे आहे. बीएस-६ च्या ओबीडीचे तपशील ठरवणारं एआयएस-१३७ तिथूनच आलं. रस्ते वाहतूक मंत्रालय अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवतं, आणि त्या पाठवायला अभियंता असावं लागत नाही. ई२७ आणि ई३० ची चर्चा आताच कानावर येते आहे. पुढच्या मिश्रणाचा निर्णय होण्याआधी ही चार घरं यादीत पडली पाहिजेत, म्हणजे त्या वेळी तरी भांडताना दोन्ही बाजूंकडे आकडे असतील. सूचना एका पानात बसते. मी माझी लिहून ठेवली आहे, तुम्हीही लिहा.